घरकुलाचं पाणी फडाला द्या

शहराच्या जुन्या भागात जावं आणि घराचा उंबरा व समोरचा रस्ता यांच्यातला फरक पट्टीने मोजावा. जुनं धुळं असो, जळगावच्या जुन्या पेठा असोत की अमळनेर-चोपड्याच्या गल्ल्या, बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो. घर बांधलं तेव्हा तीन पायऱ्या चढून ओट्यावर यावं लागायचं. आज एक पायरी उतरून आत जावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वाढला आहे. आधी खडी-डांबर, त्यावर पुन्हा डांबर, मग काँक्रीट, मग काँक्रीटवर पेव्हर ब्लॉक. थर पाच इंचांचा धरला आणि चाळीस वर्षांत सहा थर पडले तर अडीच फूट होतात. जुना थर खोदून काढण्याचं काम अंदाजपत्रकात कुणी धरत नाही. धरलंच तर ते होत नाही. गटारीची भिंत रस्त्याबरोबर उंच होत जाते, तळ गाळाने भरतो आणि जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाला पाणी माजघरात असतं. ओट्यावरची म्हातारी हे सगळं अहिराणीत एका वाक्यात सांगते: पानी गटारमा जात नही, घरमा येस.

आता या घराला घरकुल योजनेतून अडीच लाख मिळाले असं समजा. मालक जुनं पाडतो आणि नवं जोतं रस्त्यापेक्षा तीन फूट वर घेतो. त्याचं घर कोरडं राहतं. त्याच्या अंगणात मुरणारं पाणी मात्र आता डाव्या-उजव्या शेजाऱ्याकडे जातं. जुन्या गल्लीत भिंती सामाईक असतात. मातीची दीड-दोन फुटी भिंत दोन्ही घरांचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, पेलत असते. एका बाजूचं घर पाडलं की त्या भिंतीचा एका अंगाचा आधार जातो आणि उघडी पडलेली बाजू पावसात भिजते. पुढच्या पावसाळ्यात शेजारचं घर बसलं की वर्तमानपत्रात ‘जीर्ण घर कोसळले’ अशी दोन ओळींची बातमी येते. ते शेजारच्या घरकुलामुळे पडलं, असं कुठे लिहिलेलं नसतं.

शहरांसाठीच्या घरांचा सरकारी पैसा आपण व्यक्तीला देतो, वस्तीला देत नाही. जुन्या, ढासळत्या वस्त्यांमध्ये हा पैसा एकेका लाभार्थ्याच्या नावाने शिंपडणं म्हणजे तो वाया घालवणं आहे. तो गल्ली धरून, एका वेळी एक पट्टा पुरा करत दिला पाहिजे, आणि त्यात नव्या बांधकामाइतकंच दुरुस्तीलाही स्थान हवं.

खान्देशाला ही कल्पना नवी नाही. पांझरा आणि मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्याखालचं शेत तीन-चार फडांमध्ये वाटलेलं असायचं. या वर्षी एका फडात ऊस, दुसऱ्यात भात, उरलेल्यांत हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. एका फडातल्या सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाणी एका पट्ट्यात सलग फिरतं आणि वाटेत कमी मुरतं. ते सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. कोणाची पाळी कधी, हे सगळ्या गावाला आधीच ठाऊक असायचं. इथे एक वाफा, मग मैलभर लांब तिथे एक वाफा, असं कुणी पाणी दिलं असतं तर त्याला गावाने वेड्यात काढलं असतं. घरकुलाचा पैसा मात्र आपण नेमका तसा देतो.

शहरी प्रधानमंत्री आवास योजना जून २०१५ मध्ये आली. आपल्याकडच्या मध्यम शहरांत तिचा जो घटक खरा चालला तो म्हणजे स्वतःच्या जागेवर लाभार्थ्याने स्वतः घर बांधायचं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, आणि घर तीस चौरस मीटर चटईक्षेत्राचं, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. साध्या आरसीसी बांधकामाचा दर चौरस फुटाला १,६०० रुपये धरला तर खर्च पाच लाख सोळा हजार होतो. अडीच लाख वजा केले की दोन लाख सहासष्ट हजार उरतात, ते लाभार्थ्याने आणायचे. शिवाय हप्ता आधी मिळत नाही. जोतं झालं की फोटो, जिओ टॅगिंग, मग हप्ता. लिंटेलपर्यंत आलं की पुन्हा फोटो, स्लॅब पडला की पुन्हा. दर टप्प्याला पैसा आधी घरातून जातो, मग सरकारातून येतो. हमाली करणारा, डाळ मिलमध्ये चाळणीवर उभी राहणारी, हातमाग-यंत्रमागावर मीटरने मजुरी घेणारा हा आधीचा पैसा आणतो कुठून? सोनं मोडून, बचत गटातून, नाहीतर आठवडी हप्त्याच्या खासगी कर्जातून. (पतसंस्थांवर कितपत विसंबावं हे खान्देशाला सांगायला नको.)

दुसरी अट कागदाची. जागा नावावर हवी. शहराबाहेरच्या नव्या बिनशेती प्लॉटवर सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वच्छ असतं. जुन्या गल्लीतल्या घराच्या मालमत्ता पत्रकावर आजोबांचं नाव. आजोबा १९७८ ला गेले, वारस नोंद झाली नाही, आज हक्कदार अकरा. त्यातला एक सुरतेला मिलमध्ये, एक पुण्यात, एक बहीण बऱ्हाणपूरला आणि एका चुलत्याचा पत्ताच नाही. घरात राहते विधवा सून. नगरपालिकेच्या काउंटरवर तिला सांगतात, ‘बाई, सगळ्यांचं संमतीपत्र आणा.’ संपला विषय. म्हणून घरकुलाचा पैसा कोणी न ठरवताच गावठाणातून बाहेर, प्लॉटच्या कॉलन्यांकडे वाहत जातो. यात लबाडी असेलच असं नाही. पैसा कागदाच्या मागे जातो, आणि जिथे घर सर्वांत वाईट असतं तिथेच कागदही सर्वांत वाईट असतो.

तिसरी गोष्ट याहून अवघड आहे. घरांचे निधी लाभार्थ्याच्या जातीप्रमाणे व प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळे आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, बाकीच्यांना प्रधानमंत्री आवास. या योजनांमागे सबळ कारण आहे आणि त्या बंद कराव्यात असं इथे मुळीच सुचवायचं नाही. पण जुन्या गल्लीत वीस घरांत पाच समाज असतात आणि भिंत एकच असते. रमाईचं घर या वर्षी, शेजारच्याचं प्रस्तावात, त्यापलीकडचा अपात्र. तिन्ही कामं एकाच मोसमात, एकाच पातळीला धरून झाली तर खर्च कमी होतो आणि भिंत वाचते. त्यासाठी योजना एक करायला नको. गल्लीचा आराखडा एक करून, कुठल्या घराला कुठल्या योजनेचा पैसा लागेल हे त्या आराखड्यात घरनिहाय लिहायला हवं. एवढं नगरपालिकेला आजही करता येतं, त्याला मुंबईची परवानगी लागत नाही.

मुंबईवरून आठवलं. मुंबई शहरात जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आहे. १९६९ च्या कायद्याने ते जन्माला आलं, पुढे म्हाडात विलीन झालं. रहिवाशांकडून उपकर घेतात, त्यात सरकार भर घालतं आणि जुन्या इमारतींना टेकू लागतात, दुरुस्ती होते. त्या मंडळाच्या कारभाराबद्दल बरंवाईट बोलता येईल, पण मंडळ आहे. धुळ्याला नाही, जळगावला नाही, नंदुरबारला नाही. इथे मे महिन्यात नगरपालिका धोकादायक घरांना नोटीस डकवते: महापालिका असेल तर अधिनियमाचं कलम २६४, नगरपालिका असेल तर कलम १९५. घर रिकामं करा, दुरुस्त करा किंवा उतरवून घ्या, अन्यथा जबाबदारी तुमची. नोटिशीबरोबर एक रुपयाही येत नाही. पावसाळ्यानंतर दुर्घटना झालीच तर ‘आम्ही नोटीस दिली होती’ म्हणायला कागद तयार असतो.

भाडेकरूच्या घराची तर दोन्हीकडून कोंडी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने दुरुस्ती करावी असं आहे. नाही केली तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. महिना पन्नास रुपये भाडं, वर्षाचे सहाशे, त्याचा चौथा हिस्सा दीडशे. त्यात सिमेंटची अर्धी गोणीसुद्धा येत नाही. मालकाला पन्नास रुपयांसाठी घरात खिळाही ठोकायचा नाही, भाडेकरूला ताबा सोडायचा नाही, आणि सरकारी योजनेच्या लेखी भाडेकरूचं घर म्हणजे त्याचं घरच नव्हे.

आता धाब्याच्या घराचं बघू, कारण जुन्या भागातला मोठा प्रश्न तोच आहे आणि त्यावर सर्वांत कमी पैसा लागतो. धाबं म्हणजे खाली लाकडी सर (तुळया), त्यावर आडव्या कड्या, त्यावर पाट्या किंवा काटक्या, पानांचा थर आणि वर खारी माती. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत बसवत नाही आणि चार इंची स्लॅबखाली रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या असतात. धाब्याखाली पंखा पुरतो. म्हणजे ही वस्तू टाकाऊ नाही. ती पडते ती दोन कारणांनी.

पहिलं कारण वजन. गळतं म्हणून दरवर्षी वर खारीची नवी पाटी टाकतात, जुनी काढत नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीवर नऊ इंच माती म्हणजे पंचाहत्तर घनफूट, कोरडी असताना सुमारे साडेतीन टन, भिजली की चार टन. वीस वर्षांच्या डागडुजीने थर दीड फुटांवर गेला की हेच वजन दुप्पट. आठ टन ओली माती माणसं झोपतात त्या खोलीवर असते. म्हणून ही घरं भर पावसात नव्हे, तीन दिवसांची झड लागल्यावर तिसऱ्या रात्री पडतात.

दुसरं कारण सराचं टोक. सर भिंतीत नऊ इंच ते फूटभर घुसलेला असतो. तिथे हवा लागत नाही, ओल राहते, वाळवी तिथूनच चढते. मधला भाग ठोकून पाहिला तर खणखणीत लाकूड, टोकाला सुळा लावला तर भुसा. वरवर पाहणाऱ्या अभियंत्याला घर ठीक वाटतं. सिमेंटचा गिलावा केलेल्या मातीच्या भिंतीत हे आणखी लवकर होतं, कारण भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. घराला ‘पक्कं’ दिसावं म्हणून केलेला गिलावाच घर आतून कुजवतो.

दुरुस्ती अशी: आधी खाली लोखंडी टेकू लावायचे, मगच वर चढायचं. उलट क्रमाने केलं की मजूर मातीसकट खाली येतो. जुनी माती पूर्ण उतरवायची, ढीग छतावर एका बाजूला करायचा नाही, लगेच खाली सोडायची. प्रत्येक सराचं टोक सुळ्याने तपासायचं. कुजलेलं असेल तर भिंतीलगत चार इंची पोलादी चॅनेल आडवं घालून त्याला दोन्ही टोकांना पक्क्या विटांचे खांब द्यायचे, म्हणजे सर भिंतीवर न राहता चॅनेलवर बसतो. पाट्या बदलून वर दोन इंच माती, त्यावर शेततळ्याला वापरतात तो पाचशे मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर तीन इंच खारी. दर चार फुटांना एक इंच उतार. पन्हळ भिंतीच्या बाहेर निदान दीड फूट निघालेलं पाहिजे. सहा इंचांचं पन्हळ पाणी भिंतीवरच सांडतं आणि पाच वर्षांत भिंतीचा पाया खातं. बाहेरून सिमेंट खरवडून चुन्याचा किंवा मातीचा गिलावा. एका खोलीला दोन मिस्त्री आणि चार मजूर असले तर आठवडा लागत नाही. एका घराला सरासरी ऐंशी हजार धरले तर एका घरकुलाच्या अनुदानात तीन घरं उभी राहतात.

पण याला योजना नाही. आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात असलेल्या घराला वाढीव बांधकामाची मुभा होती, तीही किमान नऊ चौरस मीटर नवीन क्षेत्र वाढवलं तर. कुजलेलं टोक बदलायला पैसे नाहीत. मग माणूस काय करतो? चांगल्या धाब्यासकट घर पाडतो, अडीच लाखांत मावेल असं काहीतरी उभं करतो, पैसा लिंटेलवर संपतो आणि वर पत्रे येतात.

पाडूनच बांधायला हवीत अशी घरंही भरपूर आहेत. तिथे घोटाळा पायाभरणीत होतो. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतात हात जाईल एवढी भेग पडते, घराखालच्या मातीतही तेच चाललेलं असतं. पहिला हप्ता जोत्याच्या फोटोनंतर मिळणार म्हणून लाभार्थी लवकर आणि स्वस्तात जोतं करतो, म्हणजे दोन-अडीच फुटांचा पाया. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ती सिमेंटने भरतात, पुढच्या मेमध्ये ती पुन्हा उघडते. किमान पाच फूट खोदाई, तळाला वाळूचा थर, भोवती मुरूम आणि जोत्याच्या पातळीला चार बारा एमएम सळयांचा सलग पट्टा घातला तर साध्या एकमजली घराला पुरतं. मातीचा थर जास्त खोल असेल तर साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर असे छोटे पाइल घेतात. त्याला लागणारा ऑगर (जमिनीत भोक पाडायचं गिरमिट) हाताने फिरवता येतो, आठ फुटी गल्लीतही चालतो. अडचण एवढीच की एका घरासाठी तो आणि तो चालवणारे कारागीर नाशिकहून बोलवणं परवडत नाही. एका पट्ट्यातल्या चाळीस घरांसाठी परवडतं. वस्ती धरून काम करण्याचा फायदा असा मोजता येतो.

आकडे मांडून पाहू. समजा, शहराच्या हाती दहा कोटी आहेत. शिंपडले तर प्रत्येकी अडीच लाखांनी चारशे घरं, शहरभर विखुरलेली. आता सहाशे घरांची एक जुनी वस्ती घ्या. तपासणीत १२० घरं पाडण्यासारखी निघाली, तर अनुदान तीन कोटी. ३२० दुरुस्तीची, ऐंशी हजारांनी दोन कोटी छप्पन लाख. उरलेल्या १६० घरांना काही नको, फक्त गटार आणि पाणी नीट हवं. गटार, जलवाहिनी, रस्ता खोदून मूळ पातळीला आणणं याला तीन कोटी. १२० कुटुंबांना आठ महिने बाहेर राहायला महिना तीन हजार भाडं, एकोणतीस लाखांच्या आत. घरनिहाय संरचना तपासणी आणि कागदांचं काम, घरामागे पाच हजार, तीस लाख. बेरीज नऊ कोटी पंधरा लाखांच्या आसपास होते आणि पंच्याऐंशी लाख राखीव राहतात. सहाशे घरांची एक आख्खी वस्ती कोरडी आणि उभी. आकडे प्रत्येक शहरात बदलतील, प्रमाण फारसं बदलणार नाही.

अडचण लेखाशीर्षाची. घरकुलाचा पैसा गटारीला वापरता येत नाही, गटारीचा घराला नाही. गटार-रस्त्यासाठी राज्याची नगरोत्थान योजना आहे, नागरी वस्ती सुधारणेच्या योजना आहेत, वित्त आयोगाचा निधी आहे. हे सगळं त्याच गल्लीत, त्याच वर्षी आणि योग्य क्रमाने पडलं पाहिजे. आज काय होतं? मार्चअखेर निधी खर्ची टाकायचा म्हणून आधी रस्त्याचं काँक्रीट. जुलैत जलवाहिनीचं काम मंजूर होतं, ते काँक्रीट फोडतं. दिवाळीनंतर घरकुलवाल्याचा वाळूचा ट्रॅक्टर त्यावरून जातो. क्रम उलटा हवा. सर्वांत आधी डम्पी लेव्हलने (उंची-पातळी मोजायच्या दुर्बिणीने) प्रत्येक उंबऱ्याची, गटारीच्या तळाची आणि ज्या नाल्यात पाणी सोडायचं त्याची पातळी. मग गटार, तीही खालच्या टोकाकडून वर. मग जलवाहिनी. मग घरं. रस्ता शेवटी, आणि त्याची वरची पातळी गल्लीतल्या सर्वांत खालच्या शाबूत उंबऱ्यापेक्षा सहा इंच तरी खाली. ही एक अट निविदेत लिहिली तरी निम्मं भांडण मिटेल.

वस्ती निवडायची कशी? इथे नगरसेवकांची ओढाताण होणार हे उघड आहे. म्हणून निवड भाषणाने होऊ नये, नगरपालिकेकडे आधीच असलेल्या कागदांनी व्हावी: धोकादायक घरांच्या नोटिसा, घरपट्टीची थकबाकी, नळजोडणी नसलेली घरं, पावसाळ्यात पाणी शिरल्याचे महसूल खात्याचे पंचनामे. धोकादायक इमारतींची वर्गवारी ठरलेली आहे: सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करण्याजोगी, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करण्याची, सी-२बी न हलवता दुरुस्त होणारी, सी-३ किरकोळ. ही वर्गवारी नकाशावर रंगवली की कुठल्या गल्लीत रंग दाट आहे ते शाळकरी पोरालाही दिसेल. एक पथ्य मात्र पाळावं. जिथे सी-१च जास्त आहेत तिथे पहिला हात घालू नये. दोन नंबरचे रंग दाट असतील तिथे पैसा सर्वांत जास्त घरं वाचवतो. हे ऐकायला निष्ठुर वाटतं. पण आज सी-२ मध्ये असलेलं घर सोडून दिलं तर पाच वर्षांत ते सी-१ होतं आणि तिप्पट पैसा मागतं.

नदीपात्रातल्या वस्त्यांना हा नियम लागू नाही. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या. निळ्या रेषेच्या आत दुरुस्तीला पैसा घालणं म्हणजे तो पांझरेत सोडणं आहे. ती घरं हलवावीच लागतात. पण कुठे? आठ किलोमीटरवर चार मजली इमारती बांधून चिठ्ठ्या टाकायच्या आणि गल्ली विस्कटायची, हा प्रयोग देशभर झाला आहे. हातगाडी तिसऱ्या मजल्यावर जात नाही. शेळी जात नाही. पापड वाळवायला गच्ची एक आणि घरं बत्तीस. पाण्याच्या मोटारीचं बिल कोणी भरायचं यावरून सहा महिन्यांत मोटार बंद पडते, कारण सोसायटीची नोंदणीच झालेली नसते. बाजार समितीत पहाटे पाचला हमालीला पोहोचायचं तर रिक्षाला रोज साठ रुपये. वर्षभरात फ्लॅटला कुलूप किंवा पोटभाडेकरू, आणि माणूस परत नदीकाठी. हलवायचं तर दीड किलोमीटरच्या आत आणि गल्ली अख्खी उचलून. बंद पडलेल्या मिलच्या आणि सरकारी खात्यांच्या पडीक जमिनी आपल्या प्रत्येक शहरात आहेत, त्या मोजायला सुरुवात तरी व्हावी.

‘घरकुल’ म्हटलं की खान्देशात लोक हसतात, तेही समजण्यासारखं आहे. जळगावच्या घरकुल घोटाळा प्रकरणात ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं, पुढे अपिलं झाली. घरं अर्धवट राहिली आणि हुडकोच्या (घरबांधणीला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीच्या) कर्जाचा बोजा शहर कैक वर्षं वाहत राहिलं. त्या प्रकरणातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा की नगरपालिकेच्या हातात घरांचा पैसा देऊच नये. मला तो चुकीचा वाटतो. तिथे मोकळ्या जागेवर एकगठ्ठा हजारो घरांचा ठेका होता, आगाऊ रकमा होत्या आणि ज्यांनी राहायचं ती माणसं बांधकामाच्या वेळी तिथे नव्हती. गल्लीच्या दुरुस्तीत मोठा ठेकाच नसतो. चॅनेल किती फूट लागलं हे ज्या बाईच्या डोक्यावर ते आहे ती मोजून घेते. मापन पुस्तकातली नोंद गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावली की कनिष्ठ अभियंत्यालाही जपून लिहावं लागतं.

खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. एका वस्तीला दोन वर्षं पैसा द्यायचा, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याखाली राहणाऱ्या विधवेने काय पाप केलं? तिला उत्तर द्यावंच लागेल. म्हणून सगळं पाणी एका फडाला नको. साठ टक्के गल्ली आराखड्याला, चाळीस टक्के आजच्यासारखं व्यक्तीला. आणि पाळी जाहीर हवी. दहा वर्षांत कुठल्या क्रमाने कुठल्या वस्त्या, ही यादी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने एकदा ठरवावी आणि दोन तृतीयांश मतांशिवाय ती बदलता येऊ नये.

दुसरा आक्षेप भाव वाढण्याचा. गल्ली सुधारली की जागेला किंमत येते, मालक भाडेकरूला काढू पाहतो, वारसांपैकी शहरात बसलेला भाऊ अचानक उगवतो. म्हणून पैसा देण्याआधी त्रिपक्षी करार हवा: मालक, भाडेकरू, नगरपालिका. दुरुस्तीचं अनुदान घेतलं तर दहा वर्षं भाडेकरू हलणार नाही. बदल्यात भाडं पन्नासाचं तीनशे होईल, म्हणजे मालकालाही काही मिळेल. दहा वर्षांत घर विकलं तर उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात अनुदान परत. करार नोंदवून त्याचा बोजा मालमत्ता पत्रकावर चढवायचा, नाहीतर तो कागद चहाच्या टपरीवर पुड्या बांधायला जातो.

आणि कागदांचं शिबिर. भूमी अभिलेखचा एक कर्मचारी, एक वकील, एक तलाठी किंवा नगरपालिकेचा कर निरीक्षक, शनिवार-रविवार गल्लीतच शाळेच्या वर्गात बसलेले. वारस नोंद, हक्कसोड, जागेची मोजणी. सुरतेचा भाऊ अक्षय्य तृतीयेला घरी येतोच. खान्देशात आखाजीला माहेरवाशिणी आणि गावाबाहेरचे सगळे परततात. शिबिर त्या आठवड्यात लावलं तर अकरातल्या नऊ सह्या एका दिवसात होतात. शासकीय जागेवरच्या जुन्या वस्त्यांसाठी २०१८ चा शासन निर्णय आहे, १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणं मर्यादित क्षेत्रापुरती नियमित करता येतात. तो अमलात यायचा तर कोणीतरी घरोघर जाऊन वीजबिल आणि मतदारयादीचे उतारे गोळा केले पाहिजेत. लाभार्थ्याने कार्यालयात यावं ही अपेक्षा ठेवली तर रोज बुडवून येणारा तिसऱ्या खेपेला येत नाही.

कामाचं वेळापत्रक हवामान ठरवतं. आखाजीला कागद, पावसाळ्यात तपासणी, कारण गळती पावसातच दिसते. ऑक्टोबरमध्ये निविदा, दिवाळीनंतर गटार, जानेवारी ते मे धाबी आणि पाया. काळ्या मातीत पाया मेअखेरच भरून निघाला पाहिजे, जूनमध्ये उघडा खड्डा राहिला तर बाजूची भिंत आत येते. आणि ठेकेदाराची दहा टक्के रक्कम मार्चअखेर सोडायची नाही, दोन पावसाळे अडकवून ठेवायची. पाहणी कार्यालयात बसून नको. जुलैत एका तासात इंचभर पाऊस पडेल त्या दिवशी कनिष्ठ अभियंता, नगरसेवक आणि गल्लीतल्या दोन बायका सर्वांत खालच्या उंबऱ्यात उभ्या राहतील, पाणी आत आलं की नाही बघतील, आणि बिलावर चौघांच्या सह्या होतील.